ट्रॅक्टर-ट्रॉलीवर कायाक आणि तंबूचं सामान कसं न्यावं

तलावाच्या काठी पाहुण्यांसाठी तंबू लावायचे आणि पाण्यात तीन-चार कायाक (वल्ह्याने चालवायच्या लांबट, हलक्या होड्या) ठेवायच्या, असा बेत करणाऱ्या गावातल्या गटांसाठी हे लिहिलं आहे. कारच्या छतावर एक, फार तर दोन कायाक जातात. तंबू, गाद्या, पाण्याचे कॅन, भांडी यांना जागा उरत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली मात्र वेटाळात (मोहल्ल्यात) कोणाकडे तरी असतेच, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांकडे जाणाऱ्या पांदणीवर, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेवर, तीच भरवशाची. फक्त ट्रॉली बनलेली असते रेती, विटा आणि धानाच्या पोत्यांसाठी. हलकी, लांब आणि पोकळ वस्तू तिच्यात कशी वागते, हे आधी समजून घ्यावं लागतं.

वजन कमी, त्रास लांबीचा

प्लास्टिकची उघडी, वर बसायची एकट्याची कायाक साधारण १० फूट लांब, ३० इंच रुंद आणि २२ ते २८ किलोची असते. दोघांची १२ ते १३ फूट आणि ३० ते ३६ किलोची. चार कायाक मिळून शंभर-सव्वाशे किलो, म्हणजे ट्रॉलीच्या हिशेबात काहीच नाही. त्रास सुरू होतो तो इथूनच. बऱ्याच ट्रॉल्यांना पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) नसतात, आणि पाटे असले तरी ते तीन-चार टनांच्या हिशेबाने बसवलेले असतात. भरलेली ट्रॉली खड्ड्यातून दबून जाते; हलकी ट्रॉली उसळते. प्रत्येक उसळीला कायाकची दोन्ही टोकं वर-खाली झोके घेतात आणि दोर थोडा थोडा सैल करत जातात. म्हणून कायाकबरोबरचं जड सामान ट्रॉलीच्या तळाशी असणं चांगलंच आहे.

दुसरी गोष्ट या सगळ्या कामाचा पाया आहे. होडी ज्या एका सांगाड्यावर ठेवली, त्याच सांगाड्याला ती बांधायची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली हूकच्या पिनेवर स्वतंत्रपणे वळतात, चढतात, वाकतात. कायाकच्या पुढच्या टोकाचा दोर ट्रॅक्टरच्या मडगार्डला किंवा सीटमागच्या पट्टीला बांधला, तर सरळ रस्त्यावर तो घट्ट दिसतो. पहिल्याच वळणावर एक तर तो तुटतो, नाही तर कायाकचं हँडल उपटून निघतं. ट्रॉली हायड्रॉलिक असेल तर तिचा हौदा आणि खालची चेसिस हेसुद्धा दोन वेगळे भाग समजा. सगळे दोर हौद्याला. खालच्या चेसिसला एकही नाही. शिवाय निघण्याआधी हायड्रॉलिकचा नळ काढून ठेवा, म्हणजे चुकून दांडा ओढला गेला तरी हौदा उचलला जाणार नाही.

मापं घ्या, मग होडी घ्या

ट्रॉलीच्या हौद्याची आतली लांबी-रुंदी टेपने मोजा. १० फूट बाय ६ फूट हे माप खूप ठिकाणी दिसतं, ११ फुटीही असतात. १० फुटी कायाक यात सरळ बसते. १२ फुटी कायाक सरळ ठेवली तर दोन फूट बाहेर येते. ११ बाय ६ च्या हौद्याचा कर्ण साडेबारा फुटांचा असतो, आणि कायाकची टोकं निमुळती असल्यामुळे १२ फुटी कायाक तिरपी बसू शकते. पण मग एकच बसते आणि सामानाची जागा खाते. नव्याने घेत असाल तर १० फुटीच घ्या. तलावाच्या शांत पाण्यात नवख्या पाहुण्याला तीच आवरायला सोपी जाते.

ट्रॉलीच्या मागे कायाकचं टोक बाहेर काढू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मर्यादेपेक्षा बाहेर आलेल्या भारासाठी २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. कायदा बाजूला ठेवला तरी मागे निघालेलं टोक वाईटच. दोन चाकी ट्रॉली उजवीकडे वळते तेव्हा तिचं शेपूट डावीकडे फेकलं जातं, आणि बाजूने जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शेतीकामासाठी नोंदलेली ट्रॉली पाहुण्यांच्या धंद्याला लावायची असेल, तर नोंदणी आणि विमा बदलावा लागेल का, हे परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधीच विचारून घ्या. आणि माणसं ट्रॉलीत बसवायची नाहीत. कायाक धरून ठेवायला म्हणून एखादा पोरगाही नाही.

सांगाडा

३० इंच रुंदीच्या कायाक आडव्या ठेवल्या तर सहा फुटांत दोनच मावतात. कडेवर उभ्या केल्या तर एकीची जाडी १४ इंचांच्या आसपास, म्हणजे चार कायाकना ५६ इंच लागतात आणि हौद्याचे ७२ इंच पुरून उरतात. कडेवर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. कायाकचा तळ रुंद आणि पातळ, त्यामुळे ती तळावर दाबली की खड्डा पडतो; कडेवर तीच कायाक कितीतरी ताठ असते. म्हणून चार न्यायच्या तर कडेवरच.

यासाठी गावातल्या वेल्डरकडून दोन चौकटी करून घ्या. ४० मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप, जाडी २ मिलिमीटर तरी. आडवा दांडा हौद्याच्या पूर्ण रुंदीचा, तळापासून अडीच फुटांवर, म्हणजे कडेच्या फाळक्यांच्या जरा वर. त्याच्या मधोमध दोन फुटांचा उभा खांब. दोन कायाक खांबाच्या डावीकडे टेकतात, दोन उजवीकडे. १० फुटी कायाकसाठी दोन चौकटींमध्ये ५ फूट अंतर ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट बाहेर राहतं. यापेक्षा जवळ घेतल्या तर टोकं जास्त झोकतात. फार लांब घेतल्या तर मधला भाग लोंबतो, उन्हात विशेष करून.

दोन्ही चौकटींना जोडणारा तिरपा टेका दोन्ही बाजूंना हवाच. तो नसेल तर जोरात ब्रेक लागल्यावर चौकटी पुढे कलतात, एखाद्या वेळी घडीच होते. बहुतेक वेल्डर हा टेका सांगितल्याशिवाय घालत नाहीत. चौकट हौद्याला वेल्ड करू नका. दिवाळीच्या सुमाराला धान निघालं की मालकाला ट्रॉली मोकळी लागणार. १२ मिलिमीटरचे बोल्ट वापरा आणि नट नायलॉनचं लॉकनट घ्या. साधं नट पांदणीच्या हादऱ्यांनी स्वतःच फिरून पडतं.

लोखंडाला पैसे नसतील तर एका हंगामापुरता बांबू चालेल. त्यातही मानवेल निवडा. तो भरीव असतो, दोर आवळला तरी चिरत नाही. कटांग जाड दिसतो, पण आतून पोकळ. आवळलेल्या जागी उभा फाटतो.

दांड्यांना गुंडाळायला ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब उत्तम. पाच-सहा इंच रुंदीच्या पट्ट्या कापा, दुहेरी गुंडाळा. रबर धरून ठेवतं, कायाक सरकत नाही. एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम विदर्भाच्या उन्हात फार टिकत नाही, भुगा होतो. लाइफ जॅकेटची गादी कधीच करू नका. आतला फोम दबला की ते जॅकेट माणसाला तरंगवायच्या कामाचं राहत नाही.

सामान भरण्याचा क्रम

आधी तळाचं सामान, मग चौकटीवर कायाक. दोन चाकी ट्रॉलीत जड सामान एक्सलच्या जरा पुढे राहील असं रचा. पाण्याचे २० लिटरचे कॅन म्हणजे प्रत्येकी २० किलो; ते, तांदूळ-पीठ आणि भांडी पुढे. तंबू, चटया, गाद्या मागे. एक्सलच्या मागे जड झालं की हूकवरचा भार कमी होतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि तलावाच्या पाळीच्या (मातीच्या बांधाच्या) चढावर चाकं जागीच फिरतात. चार चाकी ट्रॉलीत ही चिंता कमी, तिथे फक्त डावं-उजवं सारखं ठेवा.

गॅस सिलिंडर उभं, हौद्याच्या कोपऱ्यात, स्वतंत्र दोराने बांधलेलं, आणि त्याच्यावर कायाक किंवा गादी टेकणार नाही असं. वल्ही एकत्र गुंडाळून लांब पोत्यात घाला. सुटी वल्ही खडखडत जाऊन कायाकला चरे पाडतात.

कायाक चढवण्याआधी तिचं बूच काढून आतलं पाणी पूर्ण सांडा. आत दहा लिटर राहिलं तर दहा किलो वाढले इतकंच नाही. ते पाणी चढाला मागे, उताराला पुढे धावतं आणि पट्टे ओढतं. चढवायला दोन माणसं, दोन टोकांना. मागचा फाळका उघडा, पुढचं टोक मागच्या दांड्यावर टेकवा, मग मागच्या माणसाने पुढे सरकवायची. गिट्टीवरून ओढत आणलेल्या कायाकचा तळ एका हंगामात घासून पातळ होतो.

बांधणं

पट्टा घ्या २५ मिलिमीटर रुंद पॉलिस्टरचा, दाबून धरणाऱ्या साध्या बकलचा, १२ ते १५ फूट लांब. ट्रकवाल्यांचा खटक्याचा रॅचेट पट्टा प्लास्टिकच्या कायाकला वापरू नका. त्याचा जोर इतका असतो की हाताला कळायच्या आत तळ चेपतो. फायबरच्या होडीत तर वरचा रंगाचा थर ताऱ्यासारखा तडकतो. पॉलिस्टर ओलं झालं तरी फारसं ताणत नाही. नायलॉनचा दोर पावसात ताणला जातो, आणि बाजारात किलोवर मिळणारा रंगीत प्लास्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो. दिसायला नवा, तुटायला तयार.

१. प्रत्येक कायाकला दोन पट्टे, प्रत्येक चौकटीवर एक. पट्टा दांड्याखालून घ्या, कायाकवरून आणा, बकल कायाकवर न येता दांड्याजवळ येऊ द्या. हाताने पूर्ण ओढा, पायाने रेटा देऊन नाही.

२. बाहेर राहणाऱ्या पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, आवाज करतो आणि बकल सैल करतो. उरलेलं टोक गाठ मारून खोचा; लोंबतं राहिलं तर चाकात जातं.

३. मग चारही कायाकवरून एक दोर आडवा टाकून हौद्याच्या दोन्ही कडांच्या कड्यांना ताणा.

४. शेवटी पुढच्या आणि मागच्या टोकांच्या हँडलांमधून एकेक दोर घेऊन हौद्याच्या कोपऱ्यांना बांधा. हे दोर कायाकला खाली दाबायला नाहीत, फक्त पुढे-मागे सरकू न देण्यासाठी. जास्त ताणले तर कायाक केळीसारखी वाकते.

५. कायाकच्या तळातली आरपार भोकं पाणी वाहून जाण्यासाठी असतात. त्यातून दोर ओवून भार देऊ नका, कडा चिरते आणि होडी गळायला लागते.

तिसऱ्या पायरीच्या दोराला ताण द्यायची गाठ कोणत्याही जुन्या ट्रकच्या क्लीनरकडून शिकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. एक टोक कडीला पक्कं करायचं. दोर वरून पलीकडे आणला की छातीच्या उंचीवर त्यालाच एक पीळ देऊन फासा करायचा आणि खालच्या दोराची दुमड त्या फाशातून ओढून घ्यायची. मग मोकळं टोक खालच्या कडीतून घालून वर त्या दुमडीतून काढायचं आणि खाली ओढायचं. नुसत्या हाताने ओढण्यापेक्षा दोर कितीतरी जास्त ताणला जातो. ताण आला की बोटाने चिमटीत धरून दोन साध्या गाठी मारायच्या. सोडताना एका झटक्यात सुटते. सुतळीच्या गाठींसारखी कापावी लागत नाही.

झालं की कायाक दोन्ही हातांनी धरून हलवा. कायाकबरोबर अख्खी ट्रॉली हलली पाहिजे. नुसती कायाक हलली तर पुन्हा बांधा.

रस्त्यावर येण्याआधी वळून पाहा

ही तपासणी लोक टाळतात, आणि बहुतेक नुकसान इथेच होतं. मोकळ्या खळ्यात किंवा शाळेच्या मैदानावर ट्रॅक्टर अगदी हळू, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. एक जण बाजूला उभा राहून बघेल: ट्रॅक्टरचं मागचं चाक ट्रॉलीच्या कोपऱ्याकडे येतं तेव्हा कायाकचं पुढचं टोक आणि मडगार्ड यांत किती जागा उरते? दीड फूट तरी हवी. मग एखादा छोटा बांध ओलांडा. ट्रॅक्टर उतरून सपाटीला येतो आणि ट्रॉली अजून उतारावर असते, त्या क्षणी कायाकचं टोक चालकाच्या पाठीकडे झुकतं. सपाट जागेवर भरपूर वाटणारं अंतर तिथे अर्धं होतं. टोक चालकाच्या जवळ येत असेल तर मागचं टोक हौद्याबाहेर न काढता कायाक मागे सरकवा, आणि तरीही जमत नसेल तर एक कायाक कमी न्या.

हूकची पिन आणि तिची खालची खिट्टी याच वेळी पाहा. खिट्टीच्या जागी खिळा किंवा तार घातलेली असते, ती बदला. मागे लाल परावर्तक पट्टी दोन्ही कोपऱ्यांत लावा. अंधार पडल्यावर निघायचंच नाही, पण उशीर झालाच तर मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसली पाहिजे.

जमिनीपासून सगळ्यात वरच्या टोकापर्यंतची उंची मोजून मडगार्डवर खडूने लिहा. हौदा तीन फुटांवर, चौकट अडीच फूट, वर कडेवरची कायाक अडीच फूट, असे आठ फूट सहज होतात. शेतातल्या मोटरपंपांकडे जाणाऱ्या तारा पांदणीवर कुठे कुठे लोंबलेल्या असतात. तार खाली वाटली तर थांबा, वळसा घ्या. काठीने तार उचलून खालून जायचा प्रकार करू नका. टिनाचा डोंगा (छोटी होडी) लादलेला असेल तर तारेचा स्पर्श म्हणजे ट्रॅक्टरवरचा माणूस गेलाच.

वाटेत

डांबरी रस्त्यावर ताशी २० ते २५ किलोमीटर, पांदणीत चालीच्या वेगाने. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो, म्हणून उताराला आधीच खालचा गिअर टाका. पहिले पाच किलोमीटर झाल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा. पहिल्या हादऱ्यांत ट्यूबची गादी दबते, कायाक बसते आणि पट्टे हमखास सैल होतात. डांबरी सोडून पांदणीला लागताना परत एकदा.

एप्रिल-मेच्या दुपारी प्लास्टिक मऊ पडतं. सकाळी घट्ट बांधलेली कायाक दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली तर पट्ट्याखाली खळगा पडतो. पोहोचल्यावर लगेच उतरवायची नसेल तर पट्टे अर्धे सैल करा आणि ट्रॉली झाडाखाली लावा. खळगा पडलाच तर घाबरू नका. कायाक रिकामी करून तासभर उन्हात उलटी ठेवा, किंवा खळग्यावर गरम पाणी ओता आणि आतून हाताने दाबा; बहुतेक वेळा परत येतो. पावसाळ्यात कन्हार (काळ्या चिकट) जमिनीतून ट्रॉली घालू नका. चाकांना माती चिकटून फिरणं बंद होतं, आणि ट्रॉली ओढून काढताना जो झटका बसतो त्यात सगळी बांधणी जाते.

पाळीवर

ट्रॉली पाळीच्या उतारावर किंवा सांडव्यावर उभी करू नका. पावसानंतर पाळीची कड आतून मऊ असते. सपाट जागा पाहा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच तिच्यातलं सामान उतरवून घ्या. हूक सोडून कोणी मागच्या बाजूला चढला, तर पुढचा दांडा उचलला जातो आणि ट्रॉली मागे आदळते. उतरवताना क्रम उलटा: आधी टोकांचे दोर, मग आडवा दोर, आणि पट्टे एकावेळी एकाच कायाकचे. चारही एकदम सोडल्या तर कडेवरच्या कायाक एकमेकींवर कोसळतात.

तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असतो. जाळी कुठे लावली आहेत, शिंगाड्याची लागवड कुठे आहे, हे संस्थेच्या ढीवर मंडळींना आदल्या दिवशी विचारून घ्या आणि त्या बाजूला कायाक नेऊ नका. नवेगावबांध, तोतलाडोह यांसारखी पाणी व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेली आहेत. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय होडी ट्रॉलीवर चढवूच नका.

पिकअप असेल तर

पद्धत तीच, दोन फरक. पिकअपची केबिन आणि मागचा हौदा वेगवेगळे हलतात, म्हणून पुढची चौकट हौद्याच्या पुढच्या कठड्याला हवी, केबिनच्या छताला नाही. आणि साकोली-देवरीच्या महामार्गासारख्या रस्त्यावर वेग साठपर्यंत जातो तेव्हा वारा कायाकला खालून उचलतो. तिथे पुढच्या टोकाचे दोर एकाऐवजी दोन, डावीकडे आणि उजवीकडे, आणि कायाक पालथी. उघडी ठेवली तर तीच वारा भरून घेते.

परत निघताना

बूच काढा, पाणी सांडा, आणि तळाला, भोकांमध्ये, हँडलांखाली अडकलेली जलपर्णी, शेवाळ, गवत हाताने काढून काठावरच टाका. पाण्यातली वनस्पती तुकड्यातूनही वाढते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तलावावर जायचं असेल, तर कायाक, दोर आणि लाइफ जॅकेट मधल्या दिवसांत पूर्ण वाळवा. पट्टे ओले गुंडाळून ठेवले तर बकल गंजते. वाळल्यावर प्रत्येक पट्टा बोटांतून ओढून पाहा. कड जिथे उसवलेली लागेल, तो पट्टा कापून सामान बांधायला वापरा, कायाकला नाही.